टेपची दोन टोकं

रविवारी सकाळी सात ते सोमवारी सकाळी सात एवढ्या वेळात ‘शिवारपाणी’ या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चारशे बारा मेसेज आले. धनश्रीने ते वहीत मांडले. सुप्रभात आणि फुलं तेवीस. एआय अ‍ॅपच्या उत्तरांचे स्क्रीनशॉट शहाण्णव. कोणतं अ‍ॅप खरं, यावर वादावादी एकशे एकाहत्तर. समोरच्याच्या अकलेवर, शिक्षणावर आणि चष्म्यावर एकशे अठरा. विहिरींच्या पाणीपातळीचे मेसेज अकरा यायला हवे होते. आले चार.

ग्रुप काढला होता त्या अकरा आकड्यांसाठीच. जामखेडच्या अंगाचं हे गाव कोरडं. दोन वर्षांपूर्वी गावातली माणसं टेम्पो करून हिवरे बाजार पाहून आली, आणि तेव्हापासून दर रविवारी अकरा विहिरी मोजायच्या असं ठरलं. दिवाळीआधीच्या ग्रामसभेत त्या आकड्यांवरून ठरायचं, यंदा कांदा लावायचा की ज्वारीवर भागवायचं. सुरुवातीला कुणी टाळाटाळ केली. पण नंतर एकसष्ट रविवार सलग आकडे आले होते. फिजिक्समध्ये बीएस्सी झालेली धनश्री ग्रुपची अ‍ॅडमिन होती आणि तो तक्ता तिने जिवापाड जपला होता.

मग गावात दोन अ‍ॅप आली. ‘बळीसखा’ आणि ‘जलवेध’. दोन्हींचे चाहते राज्यभर; त्यांचे मोठमोठे ग्रुप, तिथून तयार टोमणे यायचे आणि इथे चिकटवले जायचे. गावात सखावाल्यांचा म्होरक्या अजिनाथ, ठिबकच्या पाइपांचा दुकानदार. वेधवाल्यांचा रविराज, मोटारी दुरुस्त करणारा. बिभीषणआबांच्या विहिरीत पुढच्या रविवारी एकोणीस फूट पाणी असेल, असं सखा म्हणत होतं. वेध म्हणत होतं, चौदा. एकोणीस म्हणजे कांदा, चौदा म्हणजे ज्वारी.

चारशे बारा मेसेज आले त्या रविवारी आबा विहीर मोजत असताना रविराज तिथेच मोटार खोलून बसला होता. दुपारी त्याने ग्रुपवर लिहिलं, ‘टेपवर एक आकडा, ग्रुपवर दुसरा. आबांनी दोन इंच पाणी खिशातून घातलं. सखावाल्यांनी किती चहा पाजला?’

आबा काही न लिहिता ग्रुपमधून बाहेर पडले. नाल्याकाठची त्यांची विहीर गावात सगळ्यात खोल, सगळ्यात शेवटी आटणारी. तिचा आकडा नसेल तर ग्रामसभेत तक्त्याला कोण विचारणार?

सोमवारी धनश्रीने माणसांवर घसरलेले एकशे अठरा मेसेज उडवले. आता शांत होईल, असं तिला वाटलं. तासाभरात अजिनाथचा मेसेज आला, ‘आमचे चौसष्ट उडवले, त्यांचे चोपन्नच. ताई कुणाच्या बाजूने आहेत ते कळलं.’ तिने वही काढून पाहिलं. मोजणी बरोबर होती. सखावाले बोललेच जास्त होते. पण हे सांगायला गेलं असतं तर ते एकशे एकोणिसावं भांडण झालं असतं.

मंगळवारी ती आबांच्या वस्तीवर गेली. आबा गाईला घास टाकत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“आबा, रविवारी विहीर मोजाल ना?”

“मोजीन की. माझी हाय ती. पन तुमच्या मोबाइलात न्हाई घालनार.”

“रविराज म्हणतो ते खरं नाही, हे मला माहीत आहे.”

“तुला कसं म्हाईत? तू हुतीस का तितं?” आबा म्हणाले. “त्यो हुता. त्यानं पाह्यलं.”

आबांच्या पत्नी दगडाबाई ओसरीवर शेंगा निवडत होत्या. त्या तंटामुक्ती समितीवर आठ वर्षं होत्या आणि बांधाची भांडणं मिटवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

“लई शिकलीस, पन भांडन मिटवायचं न्हाई शिकलीस,” त्या हसत म्हणाल्या. “तू मधी बसून कुनाचं किती ते मोजतीस. मंग दोगं बी तुलाच चोर म्हनत्यात.”

“मग तुम्ही काय करायचा, काकू?”

“बांध मोजताना टेप आपुन धरायचीच न्हाई. ह्याच्या हद्दीतलं टोक त्यानं धरायचं, त्याच्या हद्दीतलं ह्यानं. आन आकडा मोठ्यानं वाचायचा. आपल्याच तोंडानं वाचलेला आकडा मानूस खोटा कसा म्हनंल?”

“आन वाचता येत नसंल तर?” आबांनी विचारलं.

“तर तुमच्यावानी रुसून बसायचं.”

आबांनी घासाची पेंढी गव्हाणीत आपटली, पण म्हणाले, “रविराज सोता टोक धरनार आसंल तर मी मोजीन. तुमच्या मोबाइलात बी घालीन.”

घरी आल्यावर धनश्रीने ग्रुपवर एकच नियम टाकला. आपल्या अ‍ॅपचा अंदाज आपण टाकायचा नाही. समोरच्याच्या अ‍ॅपचा टाकायचा, पूर्ण, जसाच्या तसा. समोरचा ‘बरोबर लिहिलं’ म्हणेल, त्यानंतरच आपलं बोलायचं.

पहिले दोन दिवस ग्रुप जवळजवळ मुका होता. गुरुवारी अजिनाथने वेधचा अंदाज टाकला, खाली हसरा चेहरा. रविराजने लिहिलं, ‘चेहरा काढा. आमच्या अ‍ॅपने तो दिला नव्हता.’ अजिनाथने काढला. मग रविराजने सखाचं उत्तर टाकलं. लांबलचक होतं, शेवटपर्यंत टाइप करावं लागलं, आणि शेवटच्या ओळीत होतं, ‘आठवडाभर मोटार बंद असल्यास.’

‘भाऊ, तुमच्यात मोटार बंद धरली आहे,’ त्याने लिहिलं. ‘आमच्यात रोज चार तास चालू.’

बऱ्याच वेळाने अजिनाथचं उत्तर आलं. ‘एवढं खालपर्यंत मी वाचलंच नव्हतं. आबा रोज दोन तास चालवतात.’

रविवारी सकाळी आठला दोघंही आबांच्या विहिरीवर आले. आबांनी जुनी पोलादी टेप आणली, टोकाला लोखंडी नट बांधलेली. धनश्री वही घेऊन लांब बाभळीखाली उभी राहिली. दगडाबाईंनी तसं बजावलंच होतं.

टेप खाली गेली, नट पाण्याला टेकला. कठड्यावरच्या खुणेपाशी अजिनाथ वाकला. त्याला पाणी वर हवं होतं, म्हणजे आकडा लहान हवा होता.

“पस्तीस फूट सहा इंच,” तो मोठ्याने म्हणाला.

“आता खालचं टोक,” आबा रविराजला म्हणाले.

“खालचं काय वाचायचं, आबा? शून्यच असणार.”

“वाच की. तुझं टोक हाय ते.”

रविराजने टेप वर ओढली. नटाजवळची ओली पट्टी बोटाने पुसली. टेपचा सुरुवातीचा तुकडा कधीच तुटलेला होता. नट बांधला होता तो दोनच्या रेघेवर.

“दोन इंच,” तो म्हणाला. मग पुन्हा, मोठ्याने, “दोनपासून सुरू.”

“दर रईवारी दोन वजा करतो,” आबा म्हणाले. “कुनी इचारलं न्हाई.”

“तुमी बी सांगितलं न्हाई,” मागून येऊन उभ्या राहिलेल्या दगडाबाई म्हणाल्या.

रविराजने टेप नीट गुंडाळून आबांच्या हातात दिली. “पस्तीस चार,” तो म्हणाला. “विहीर बावन्न फूट. ताई, लिहा. आणि आबांना ग्रुपमध्ये घ्या. मी लिहिलं होतं ते चूक होतं, हे तिथंच सगळ्यांना सांगतो.”

“चहा घिऊन जा,” आबा म्हणाले. “सखावाल्यांनी पाजला न्हाई आजून.”

त्या रविवारी सकाळी सात ते सोमवारी सकाळी सात एवढ्या वेळात ग्रुपवर एकशे चोवीस मेसेज आले. सुप्रभात आणि फुलं सव्वीस. स्क्रीनशॉट अठरा. अ‍ॅपवरची चर्चा त्रेसष्ट. माणसांवर घसरलेले सहा. पाणीपातळीचे अकरा. त्यांत बिभीषणआबांची विहीर: सोळा फूट आठ इंच.