दार लावण्याचा दिवस

वर्षातून एक दिवस मिल्काबाई दार लावून घेत आणि त्या दिवशी त्यांच्या घरी जायचं नाही, हे वाडीत सगळ्यांना पाठ होतं. कोकणातले बेने इस्रायल, म्हणजे आपले मराठी बोलणारे यहुदी, या सणाला दरफाळणी म्हणत आले. आदल्या संध्याकाळी दार लागायचं, ते दुसऱ्या दिवशी चांदण्या दिसल्यावर उघडायचं. मधल्या वेळात अन्न नाही, पाणी नाही, उंबरठा ओलांडणं नाही. पांढरं लुगडं नेसायचं आणि देवापुढे वर्षभराचा जाब द्यायचा. कोण राहणार आणि कोण जाणार, याचा निवाडा देव त्या दिवशी पक्का करून टाकतो.

मिल्काबाईंचा नवरा अलिबागेकडचा. नोकरीपायी रत्नागिरीत आला, खाडीच्या उतारावर घर बांधलं आणि काही वर्षांमागे वारला. मुलगी इस्रायलात. म्हणजे अख्ख्या वाडीत या निवाड्याला उभी राहणारी ही एकटीच, आणि खरं सांगायचं तर बाईंना त्याचा जरा तोराही होता.

यंदा जाब द्यायला एक गोष्ट जास्तीची होती. शेजारची मालन, लग्न होऊन आल्यापासूनची मैत्रीण, हिच्याशी मे महिन्यापासून अबोला होता. कारण काय, तर फणसाची फांदी. नवऱ्याने लावलेल्या फणसाची एक फांदी मालनच्या कौलांवर टेकली होती आणि मालनने न विचारता ती तोडून घेतली. बाईंनी आकाशपाताळ एक केलं, मालननेही चार शब्द ऐकवले. माणसांशी झालेलं भांडण सणाआधी माणसांनीच मिटवायचं, देव त्यात पडत नाही, हे बाईंना लहानपणापासून ठाऊक. तरी पाय उचलला नाही. तिने आधी यावं, एवढंच धरून बसल्या.

सणाच्या सकाळी प्रार्थना पुटपुटत त्या स्वयंपाकघरात आल्या आणि हवेसाठी त्यांनी मागची खिडकी उघडली. रात्रभर परतीचा पाऊस कोसळला होता. समोर, जरा खालच्या अंगाला, मालनच्या घराची मागची बाजू, आणि त्या घराच्या डोक्यावर चढावरची माती धरून ठेवणारा जांभ्या दगडांचा गडगा. त्या गडग्याला पोट आलं होतं. मधले चिरे सुटून पुढे सरकले होते आणि फटींतून तांबडं पाणी गळत होतं. खालून मालनला ते दिसणं शक्य नव्हतं, मध्ये गोठ्याचं छप्पर. गोठ्यात वासरू बांधलेलं, आणि गोठ्याला लागून ती मागची खोली, जिथे मालन जेवल्यावर आडवी व्हायची.

सांगायला हवं. पण दार लागलेलं. फोन तर कालच कपाटात गेलेला. आणि आजच्या दिवशी सण मोडून जायचं, तेही जिने तोंड फिरवलंय तिच्याकडे? संध्याकाळी सांगू की. इतकी वर्षं उभा आहे, एवढ्यात काय पडतोय? शिवाय देव आहे राखायला. कारणांना काही तोटा नव्हता. आणि सगळ्या कारणांच्या तळाशी एक घाणेरडी गोष्ट होती, ती बाईंनी पाहिली आणि पाहिलीच नाही असं केलं. पडू दे जरासा. कळू दे तिला.

दुपारी योना संदेष्ट्याची कथा वाचायची असते. देवाने योनाला सांगितलं, निनवे शहरात जा, तुमचा नाश जवळ आलाय म्हणून तिथल्या लोकांना सांग. योना उलट्या दिशेच्या जहाजात जाऊन बसला. जिवाच्या भीतीने नव्हे. त्या लोकांवर त्याचा राग होता, आणि सांगितलं तर ते सुधारतील, देव दया करील, हीच त्याची खरी अडचण होती. बाई जन्मभर ही कथा वाचत आल्या आणि दर वर्षी योनाला मनातल्या मनात हसत आल्या. आज हसू आलं नाही. शेवटी देव योनाला विचारतो, एवढ्या माणसांची मला कणव येऊ नये का, आणि त्यांच्या गुराढोरांची? गुराढोरांपाशी बाईंचं बोट थांबलं. त्यांना ते वासरू दिसलं. स्वतःची इतकी लाज त्यांना आयुष्यात वाटली नव्हती.

त्या उठल्या. खरंच उठल्या, एवढं त्यांच्या बाजूने सांगायला हवं. कडीला हात लागला आणि घरामागे आवाज झाला, चिऱ्यांचा डंपर रिकामा करावा तसा.

बाईंनी दार उघडलं. पायरीवर मालन उभी होती.

"दार कशाला उघडलंस गो?" मालन ओरडली. "अजून उजेड हाय! मी बसलेय ना हितं!"

"तू? इथे?"

"तुझा घरवाला गेल्यापासनं दरसाल बसते. दुपारचा कोण ना कोण येतो, कधी मीटरवाला, कधी मतं मागणारे. कडी वाजवली की तुझा सण मोडायचा. भांडण आपलं हाय, तुझ्या देवानं काय केलंय? पण तो आवाज कसला झाला?"

दोघी मागे धावल्या. मागची खोली नव्हतीच. मालनच्या अंथरुणाच्या जागी चिरे आणि चिखल यांचा ढीग होता, आणि गोठ्याच्या बाजूने वासराचा एक पाय बाहेर आला होता. मालन चिखलात बसली आणि मोठ्याने रडली. मग तिने मिल्काबाईंचा हात गच्च धरला.

"तुझ्या देवानंच राखलं गो मला. त्याच्या दारात बसले म्हणून वाचले."

इथे गप्प राहता आलं असतं. वाडीने ही गोष्ट वर्षानुवर्षं सांगितली असती, मालनने तर सगळ्यांच्या आधी. पण बाई बोलल्या.

"मालन, मी सकाळीच बघितलं होतं. गडग्याला पोट आलेलं."

मालनची पकड सैल झाली. "मग?"

"दार लावलेलं होतं गं."

मालनने मान वर केली. वर मिल्काबाईंच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून पडदा बाहेर फडफडत होता. ती तिकडे बघत राहिली, रागाने नव्हे, काही केल्या समजत नसल्यासारखी.

"खिडकी उघडी व्हती ना गो," ती म्हणाली.