थोरलीच्या ग्लोव्हची फीत

थोरलीचं बोलावणं आलं तेव्हा मामा कचरला. थोरली म्हणजे भाचीच्याच वजनगटातली सगळ्यात वरची बॉक्सर, कितीतरी वर्षांत न हरलेली. तिला सरावासाठी डावखुरी पोरगी हवी होती. बारकी डावखुरी, मामाची सख्खी भाची आणि शिष्याही. व्यावसायिक लढती जेमतेम सात, सातही जिंकलेल्या. सरावच तर आहे, चार गोष्टी शिकेल, असं स्वतःला समजावत मामा तिला घेऊन गेला.

आणि काय सांगावं, थोरलीला जवळून बघताना त्याच्या डोळ्यांचं पारणं फिटलं. बाईला घाई कसली ती नव्हतीच. बारकीचा ठोसा यायचा, तोवर थोरली वीतभर बाजूला सरकलेली असायची. अख्खं आयुष्य या धंद्यात गेलं, पण माणसाचे पाय इतके हलके पडतात हे मामाने कधी पाहिलं नव्हतं. दोरांशी उभा राहून तो आ वासून बघत होता.

शेवटच्या फेरीत बारकीचा डावा हात थोरलीच्या बरगडीखाली बसला. आवाज फारसा झाला नाही. थोरली हसली, एक पाऊल मागे सरली आणि हात वर करून म्हणाली, "थांब गं, फीत सुटली." बारकी गुणी बाळासारखी थांबली. वर "सॉरी ताई" म्हणाली. थोरलीचा शिक्षक रमतगमत आला आणि तिच्या मनगटाशी बराच वेळ खुडबुडत राहिला.

मामाने तिच्या ग्लोव्हकडे नीट पाहिलं. फितीवर टेप गुंडाळलेला होता आणि तो जागचा हललाही नव्हता. थोरलीला श्वास घेता येत नव्हता. जिचं नाक त्याने पुसलं होतं, त्या पोरीने तिला हलवलं होतं.

आठवड्याभरात थोरलीच्या मॅनेजरचा फोन आला. किताबाची लढत, समोर बारकी. बारकी घरभर नाचली. मामाची बहीण एवढंच म्हणाली, "दादा, तू म्हणशील तसं."

मामा नाही म्हणाला. घाईने वर चढवलेली पोरं त्याने पाहिली होती. एकदा आपटली की पुन्हा पहिल्यासारखी उभी राहत नाहीत.

बारकीचे डोळे भरले. "मी टिकणार नाही असं वाटतं ना तुला?"

"फीत सुटलीच नव्हती, बारके. टेप होता वर. तुझ्या ठोशाने तिचा दम कोंडला होता, आणि तू तिला दम खायला वेळ दिलास."

"माझ्या ठोशाने? तिचा?"

"तिला कळलं, तिच्या शिक्षकाला कळलं, मला कळलं. तुला एकटीला नाही कळलं. म्हणूनच तू त्यांना आत्ता हवी आहेस. दोन वर्षांनी तू तयार झालीस की तुझं नावसुद्धा काढणार नाहीत ते."

बारकीने आपली डावी मूठ वळून पाहिली. मग नाक पुसून म्हणाली, "असलं अजून काय काय असतं?"

"पुष्कळ."

"मग शिकव." तिने दोन्ही हात पुढे केले.

मामा पट्ट्या बांधायला बसला. तिचे हात त्याने लहानपणापासून बांधले होते, बोलता बोलता, लक्षही न देता. आज डावा हात मात्र त्याने दोन्ही हातांनी धरला.