सिस्टरची साक्ष

“सिस्टर, सावकाश चढा, पडाल!” शिलाईवाली खालून ओरडली, पण सिस्टर ऐकते कुठली! चौसष्टाव्या वर्षी ती दोन-दोन पायऱ्या ओलांडत होती. सुनावणीला पाचच मिनिटं उरली होती.

तीस वर्षं तिनं लशी टोचल्या. तक्रार एकच, या शिलाईवालीची. पाच वर्षांपूर्वी सुई खांद्यात जरा वर लागली, सांधा धरला आणि बाईचा उजवा हात खांद्याच्या वर जाईना. कात्री सुटली, मशीन विकलं. भरपाईचा अर्ज दोनदा फेटाळला गेला : दुखणं दोन दिवसांच्या आत सुरू झालं याला पुरावा काय? दवाखान्याची वही गहाळ.

“आई, हात दाखवून अवलक्षण कशाला?” सकाळीच लेकीनं अडवलं होतं. “खापर तुझ्याच माथी फुटेल.”

“फुटू दे. टोचलं मीच ना?”

आता समोर समितीचे तिघं होते.

“ती दुसऱ्याच दिवशी आली होती, हे पाच वर्षांनी आठवतं तुम्हाला?” अध्यक्षांनी विचारलं.

“आठवतं, साहेब. हात वर होत नाही म्हणून दाखवत होती. बाहेर ही मोठी रांग. मी मान वर न करताच म्हटलं, शेक घे, जाईल. ते विसरायचं म्हटलं तरी विसरता येत नाही.”

“आणि सुई?”

सिस्टर उठली. स्वतःच्या खांद्यावर बोट टेकवून म्हणाली, “इथे टोचली. हवी होती दोन बोटं खाली.”

समितीतल्या डॉक्टरीणबाईंनी लगेच लिहून घेतलं. सगळ्यांना बाहेर बसवलं. वीस मिनिटं कुणाचा पाय जागेवर ठरेना. मग दार उघडलं, कारकून म्हणाला, “मंजूर!”

शिलाईवालीच्या नवऱ्यानं त्या कारकुनालाच मिठी मारली. ती रडत-हसत सिस्टरच्या गळ्यात पडली. “पाच वर्षं तुम्हाला शिव्या घातल्या हो मी!”

“घातल्यास ते बरं केलंस,” सिस्टर म्हणाली.

या गडबडीत शिलाईवालीचा अंबाडा सुटला. आकडे दातांत धरून ती नवऱ्याकडे पाठ करून उभी राहिली. भर व्हरांड्यात, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर, त्यानं सरावल्या हातांनी केस गोळा केले, पीळ दिला, एकेक आकडा मागून घेत खोवला.

तोवर सिस्टर तिची पिशवी धरून उभी राहिली.