डिंकाने बंद केलेलं पाकीट

लेकीच्या कपड्यांच्या पिशवीत आईने पुन्हा हात घातला आणि पुरुषाचा शर्ट बाहेर काढला. निळा, चौकड्यांचा, कॉलरवर घामाची रेघ. होणाऱ्या जावयाचाच, साखरपुड्याला तो हाच घालून आला होता.

घराच्या पुढच्या खोलीत वीस वर्षं लाँड्री चालवणारी ही बाई. कोण कुठे जेवलं, कोण कुठे रडलं, हे तिला बाही बघून कळे. आज मात्र तिने तोच शर्ट दोनदा नाकाशी नेला.

"अगं, धुवायला दिला असेल त्याने," गिऱ्हाइकांचे गठ्ठे बांधता बांधता नवरा म्हणाला.

"परगावी एकटी राहते ती. त्याचा शर्ट तिच्या पिशवीत येतोच कसा?"

"मग विचार की तिला."

"विचारून कोण खरं सांगतं?"

दर रविवारी चर्चमध्ये ती पंधरा-सोळा वर्षांच्या मुलींचा वर्ग घेई. शेवटच्या दिवशी प्रत्येकीने कार्डावर लिहायचं, लग्नापर्यंत मी स्वतःला राखीन, हे प्रभूसमोर माझं वचन. कार्ड पाकिटात, पाकीट डिंकाने बंद. सगळी पाकिटं तिच्याच कपाटात राहत, आणि ती कधीच उघडणार नाही, हे तिचं मुलींना वचन. लग्नाआधीच्या रविवारी मुलगी आपलं पाकीट सगळ्या मंडळीदेखत नवऱ्या मुलाच्या हातात देई.

"आणि मुलांची पाकिटं? पोस्टात गहाळ झाली वाटतं," असं नवऱ्याने एकदा म्हटलं, तेव्हा घरात आठवडाभर अबोला होता. लेकही म्हणे, राखायचं ते दोघांनी राखावं, कार्डाचं काय काम? आईला त्यात नुसती पळवाट दिसे.

परवा लेकीचा तो रविवार. शर्ट खरं बोलत असेल, तर पोटची पोर देवासमोर धडधडीत खोटं हातात ठेवणार होती. आता तिला हेही आठवलं, की लेक वर्गात होती त्या वर्षी, शेवटच्या दिवशी, बाकीच्या मुली माना खाली घालून लिहीत होत्या, आणि हिने केव्हाच पेन खाली ठेवलं होतं. एवढ्या लवकर काय लिहिलं असेल हिने? सही तरी केली का?

नवरा गठ्ठे पोचवायला गेला. लेक आंघोळीला गेली होती. आईने कपाटातून पाकीट काढलं आणि इस्त्रीच्या वाफेवर धरलं. झाकण अलगद सुटलं.

पंधराव्या वर्षीचं गोल गोल अक्षर. 'आई, मी वचन देत नाही. पण तू कधीही विचार. खरंच सांगेन.'

बारा वर्षं झाली होती. या बारा वर्षांत तिने लेकीच्या मैत्रिणींना आडून आडून विचारलं, फोनमध्ये डोकावलं, खिसे तपासले. लेकीला एकदाही विचारलं नाही. तिला स्वतःची लाज वाटली. त्याहून जास्त भीती वाटली, कारण उत्तर आता एका प्रश्नाच्या अंतरावर आलं होतं.

तिने घाईघाईने डिंक लावला, झाकण दाबलं. लेक केस पुसत बाहेर आली.

"हे घे तुझं. रविवारी लागेल."

लेकीने पाकीट उलटं केलं. ओला डिंक तिच्या अंगठ्याला लागला. ती अंगठ्याकडे बघत राहिली, मग स्टूल ओढून आईसमोर बसली.

"विचार, आई."

आईने इस्त्री उचलली, परत ठेवली. शर्टाची कॉलर दोन्ही हातांनी सरळ केली.

"हा शर्ट," ती म्हणाली, "धुतल्यावर खळ घालायची का याला?"

लेकीने अंगठ्याचा डिंक पुसला.

"घाल," ती म्हणाली आणि उठली. पाकीट तिने आईच्या हातात परत दिलं. "हे राहू दे तुझ्याकडेच. तुलाच लिहिलं होतं."