उजव्या बटणाची यादी

आईचा जुना कॉम्प्युटर कबाडीवाल्याला दिला तेव्हा मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं. गुरुग्राममध्ये मी दिवसभर हेच करते, लोकांचा डेटा जुन्या मशीनवरून नव्यावर हलवते. फोटो, पत्रं, बुद्धवंदनेची रेकॉर्डिंग, सगळं काढून घेतलं, डिस्क पुसली आणि दिल्लीत लक्ष्मीबाई नगरला दादाच्या सरकारी क्वार्टरमध्ये आईसमोर चकचकीत लॅपटॉप ठेवला. आईने त्यावर क्रोशाचा रुमाल घातला. महिनाभर तो रुमाल जागचा हलला नाही.

मी चिडले. हौसेने आणावं आणि तिने ते झाकून ठेवावं, हे काय?

जुना कॉम्प्युटर बाबांचा. इतका मरतुकडा, की धड काही चालायचं नाही, म्हणून बाबांनी त्यावर एकदम हलका डेस्कटॉप प्रोग्रॅम बसवला होता. करड्या पडद्यावर कुठेही माउसचं उजवं बटण दाबलं की एक छोटी यादी उघडायची. बस, एवढंच. बनवणाऱ्यांनी तो प्रोग्रॅम कधीच बंद केला होता, पण बाबा म्हणायचे, भागतंय तोवर भागवू. आईला इंग्रजी येत नाही, म्हणून ती यादी त्यांनी स्वतः मराठीत लिहिली होती.

शेवटी एका रविवारी आईला विचारलं, नव्यात कमी काय आहे?

"यात सगळं आहे, लुंबिनी," ती म्हणाली. "तुझे बाबा नाहीत."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ती यादी लपलेल्या फायलींमध्ये असते. लपलेल्या फायली आधी घ्या, असं ऑफिसात नव्या पोरींना मीच बजावते. आणि घरचंच काम म्हणून मी बघितलंही नाही. बाबांनी लिहिलेलं मी माझ्या हाताने पुसलं होतं. आईला हे सांगताना मला रडू आवरेना.

तिने स्टूल ओढलं आणि चष्मा लावला. म्हणाली, लिही, मला पाठ आहे.

तो डेस्कटॉप नव्या लॅपटॉपवर चालणार नव्हता, पण तशी यादी उघडेल एवढं मी जमवलं. आई सांगत गेली, मी टाइप करत गेले. सकाळची वंदना. नागपूरचे फोटो. पत्ते खेळ, पण चष्मा लावून. पुरे आता, झोप. बाबा मागे उभे राहून बोलताहेत असंच वाटत होतं. मला त्यांची इतकी आठवण आली की मध्येच थांबावं लागलं.

झालं का, असं विचारलं तर आई घुटमळली. "सगळ्यात खाली एक होतं. 'लुंबिनीला बोलाव.' ते दाबलं की तुला मेसेज जाईल म्हणाले होते."

असा मेसेज मला कधीच आला नव्हता.

"मी दाबलंच नाही गं. तू कामात असशील."

बाबांना जाऊन दोन वर्षं झाली. माझ्या घरून इथवर मेट्रोने तासाभराचा रस्ता. ती ओळ आई रोज वाचत होती.

मी ती सगळ्यात वर टाकायला लागले, तर आईने माझा हात धरला. खालीच राहू दे म्हणाली, त्यांनी खाली लिहिली होती.

खाली लिहिली, माझ्या फोनशी जोडली आणि म्हटलं, दाबून बघ. मी शेजारीच बसले होते, तरी तिने दाबलं. माझ्या पर्समध्ये फोन वाजला.

"आता रोज दाबायचं," मी म्हटलं.

"रोज कशाला," आई म्हणाली. "रविवारी दाबीन."