पेट्रेलचे पाय

ज्या माणसाने जन्मात कधी पक्षी हातात धरला नाही, त्याला आमच्या संग्रहालयाने पक्षी विभागाचा प्रमुख केला होता. आम्ही पाठीमागे त्यांना सर्वज्ञ म्हणायचो. मी तिथला पेंढा भरणारा. एकतीस वर्षं मेलेल्या पाखरांच्या संगतीत काढल्यामुळे जिवंत माणसांबद्दल माझं मत फारसं बरं नव्हतं, आणि सर्वज्ञांनी ते सुधारायची तसदी कधी घेतली नाही.

त्या मंगळवारी बेटावरच्या दीपगृहात काम करणाऱ्या बाई बुटांच्या खोक्यात एक मेलेला पक्षी घेऊन आल्या. नव्या दिव्याच्या केबलसाठी बेटाच्या उतारावर चर खणायचा होता. उतारभर बिळं होती आणि बिळांत पिल्लं आहेत, असं बाईंचं म्हणणं. इथे पक्षी घरटी करतात, एवढं सर्वज्ञांनी लिहून दिलं असतं तर चर दुसरीकडून गेला असता. नाहीतर पिल्लं जिवंत गाडली जाणार होती.

सर्वज्ञांना वेळ थेट गुरुवारी. तोवर पक्षी नासू नये म्हणून बाई तो माझ्या हवाली करून गेल्या.

गुरुवारी बाई परत आल्या. मी पक्षी टेबलावर ठेवला, सर्वज्ञांनी खुर्चीतूनच नजर टाकली. "सीगल आहे."

"सीगलच्या चोचीवर नळ्या नसतात, साहेब," मी म्हणालो. "ह्या बघा, दोन. ह्याच्या नाकपुड्या. आणि पाय किती मागे आहेत बघा. धड चालता येत नाही बिचाऱ्याला, पण बीळ उकरतो ह्याच पायांनी. पेट्रेल आहे हा. सगळा जन्म समुद्रावर काढतो, पिल्लांपुरता मातीत शिरतो."

"तेच म्हणतोय मी. समुद्रावरचा. वादळात भरकटून आला असेल. बिळं उंदरांची असतात."

इतका निर्भेळ गाढवपणा मी बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता. खरं सांगतो, मला मजा यायला लागली होती.

बाई शांतपणे म्हणाल्या, "भरकटलेल्या पक्ष्याच्या नखांत आमच्या उताराची तांबडी माती कशी येईल, साहेब? बोटांवर सुकून बसलीय. म्हणून तर जपून आणला." आणि त्यांनी पक्षी उलटा केला.

पाय आरशासारखे लख्ख होते.

माझ्या हातून मळका नमुना कधी बाहेर जात नाही. ह्याचेही पाय मी कोमट पाण्यात भिजवले, नखं टूथब्रशने घासली, वर वॉर्निशचा हात दिला. तांबडं पाणी मोरीत ओतताना बाईंच्या गबाळेपणाला नावंसुद्धा ठेवली होती.

"मी धुतले," मी म्हणालो. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. सर्वज्ञांकडे बघताना मी जसा चेहरा करतो, अगदी तसा.

"मग पुराव्याशिवाय मी काय लिहून देऊ?" सर्वज्ञ म्हणाले, आणि आमच्यासमोरच ठेकेदाराला फोन लावला. "आमची हरकत नाही. करा सुरू." एकतीस वर्षांचा माझा तोरा त्या माणसाने बसल्या जागी उतरवला, आणि वाईट म्हणजे तो बरोबर होता.

"उद्या पिल्लू काढून दाखवतो," मी म्हणालो.

"दाखवा. लगेच थांबवतो."

दुसऱ्या दिवशी पहिल्या होडीने आम्ही बेटावर पोचलो, तर खणायचं यंत्र अर्ध्या उतारावर जाऊन आलेलं. चराच्या वरच्या कडेला एका बिळाचं तोंड शाबूत दिसलं. मी पालथा पडलो आणि खांद्यापर्यंत हात आत घातला. बाई पिल्लं शोधत खाली चरात उतरल्या.

बोटांना भुसभुशीत माती लागली, मग वाळकं गवत, मग मऊ पिसं. घरटंच होतं. "आहे, इथे आहे," मी ओरडलो आणि हात आणखी पुढे रेटला. पुढे काहीच नव्हतं. बोटांना गार वारा लागला.

खालून बाईंचा आवाज आला. "आता चाचपू नका. तुमची बोटं इकडे चरात बाहेर आलीत."