सुनेच्या मापाचा दस्ता

कमलाकरांनी बंदुकीचा दस्ता व्हाइसमध्ये आवळला, कानस हातात घेतली आणि तशीच पुन्हा खाली ठेवली. कुठं घासायचं तेच त्यांना कळत नव्हतं. मागचं टोक त्यांनी आधीच कापून आखूड केलं होतं. गाल टेकतो ती वरची कडही उतरवून झाली होती. आता आणखी उतरवायची म्हटली तर नुसता भुसाच हातात राहायचा. पडवीच्या दारात सून उभी होती आणि तिच्या उजव्या गालावर नवा निळा डाग उमटला होता.

“घरी तर बरोबर बसला होता की,” ते म्हणाले.

“हो मामंजी. घरी बसला होता.”

“मग तिथं काय होतं?”

“तिथं लागतो,” इंद्रायणी म्हणाली आणि ओढणी सारखी करून आत गेली.

कमलाकर दस्त्याकडे बघत राहिले. सगळी हयात त्यांनी आयटीआयमध्ये पोरांना सुतारकाम शिकवण्यात घालवली होती. आधी माणूस मोजा, मग लाकूड मोजा, हे त्यांनी इतक्या पोरांच्या डोक्यात भरलं होतं की सोलापुरातल्या निम्म्या खुर्च्या त्यांना आपल्या नातवंडांसारख्या वाटत. ज्यावर बसून पाठ दुखते ती खुर्ची सुताराची चूक, बसणाऱ्याची नव्हे, असं ते ठणकावून सांगत. आणि आता त्यांच्याच घरात, त्यांच्याच हातचा दस्ता त्यांच्याच सुनेचा गाल फोडत होता.

इंद्रायणी करकंबची. माहेरी ऊस, उसात रानडुकरं, म्हणून वडिलांकडे परवान्याची दुनळी. बाकीच्या मुली रांगोळ्या शिकल्या त्या वयात ही बंदूक साफ करायला शिकली. लग्न होऊन सोलापुरात आल्यावर एका शाळेत तिला खेळाच्या शिक्षिकेची नोकरी लागली आणि तिथल्या ओळखीतून होटगीच्या बाजूला माळावर असलेल्या नेमबाजीच्या क्लबाचा पत्ता लागला. तिथं यंत्र मातीच्या तबकड्या हवेत फेकतं आणि त्या खाली पडायच्या आत उडवायच्या असतात. नजर पोरीची पक्की होती. पण क्लबाची बंदूक पुरुषी मापाची. लांब हाताच्या, रुंद खांद्याच्या गड्यासाठी घडवलेला तो दस्ता हिच्या खांद्यात नीट बसायचा नाही आणि प्रत्येक बार उडाला की उलटा धक्का कधी गालावर, कधी दंडावर बसायचा.

डाग दिसू लागले तसे कॉलनीत डोळेही दिसू लागले. समोरच्या बाईंनी कमलाकरांच्या बायकोला, गोदावरीला, बाजूला घेऊन, अनीश रागीट आहे का हो, असं अगदी मायेनं विचारलं. त्या दिवशी गोदावरी जेवली नाही. आपल्या पोरानं कधी मांजरावर हात उगारला नाही आणि लोक काय काय मनात आणताहेत, यानं तिचा जीव कासावीस झाला. शेवटी घरात बसून ठरलं, म्हणजे इंद्रायणीनंच ठरवलं आणि बाकीच्यांनी माना हलवल्या: येत्या निवड चाचणीत जिल्ह्याच्या संघात नाव लागलं तर ठीक, नाहीतर बंदूक बंद. हे सांगताना तिचा आवाज सरळ होता. पण नंतर तिनं घासलेलीच भांडी पुन्हा घासली, ते कमलाकरांनी पाहिलं होतं.

म्हणूनच त्यांनी दस्ता करायला घेतला. बंदूक क्लबाच्या कपाटात कुलूपबंद असते, घरी येतं ते फक्त लाकूड. प्रभुलिंग सरांनी, म्हणजे तिथल्या प्रशिक्षकांनी, जुना दस्ता नमुन्याला दिला आणि अक्रोडाचा एक ठोकळाही मिळवून दिला. कमलाकरांनी नळाच्या पाइपात वाळू भरून बंदुकीइतकं वजन केलं, त्याला दस्ता जोडला आणि हॉलमध्ये सुनेला नेम धरून उभं केलं. आपल्या घरात सून काय नि लेक काय, हे ते चारचौघांत फार अभिमानानं सांगत आणि त्यात खोटं काही नव्हतं. तरी सासऱ्यानं सुनेच्या खांद्याला टेप कशी लावायची? म्हणून टेपेचं एक टोक गोदावरीनं धरलं आणि आकडा कमलाकरांनी लांबून वाचला. चापापासून खांद्यापर्यंत किती, गाल किती खाली येतो, सगळं त्यांनी काळजीनं घेतलं.

माप चुकलेलं नव्हतं. पुन्हा पुन्हा घेतलं तरी तेच येत होतं. हॉलमध्ये दस्ता तिच्या खांद्यात असा बसायचा की कमलाकरांना स्वतःच्याच पाठीवरून हात फिरवावासा वाटायचा. आणि माळावरून ती परत यायची ती गाल चोळत.

त्यांचं डोकं चालेना. सून मन राखायला घरी बरोबर म्हणते की काय? पण त्यांनी स्वतः डोळ्यांनी पाहिलं होतं, दस्ता बसत होता. मग प्रभुलिंग सर तिला काही वेडंवाकडं शिकवतात? की माळावरच्या उन्हात लाकूड फिरतं? दोन दिवस त्यांनी दस्ता गच्चीवर तापत ठेवला आणि दर तासाला जाऊन मोजला. लाकूड तसूभर हललं नाही. गोदावरी म्हणाली की पोरीला जरा खालूनही टोचतो म्हणे. खालून म्हणजे कुठं, असं त्यांनी विचारलं. खालून म्हणजे खालून, असं म्हणून ती भाजी निवडायला बसली. त्या बोलण्यातून कमलाकरांना काडीचा उलगडा झाला नाही. त्यांनी आपलं दस्त्याचं खालचं टोक थोडं गोल केलं, कुठं काहीतरी केल्याचं समाधान म्हणून.

चाचणीला आठवडा राहिला तेव्हा गोदावरीच म्हणाली, “लाकडाला काय विचारत बसलाय? एकदा तिकडं जाऊन बघा की.”

ते आजवर गेले नव्हते ते मुद्दाम. सासरा येऊन उभा राहिला तर पोरीला अवघडल्यासारखं होईल, एवढं त्यांना समजत होतं. पण आता इलाज नव्हता. त्यांनी टेप खिशात टाकली, स्कूटर काढली आणि कुणाला न सांगता होटगी रस्त्याला लागले.

माळावर पत्र्याची एक खोली, बाभळीखाली दोन-चार गाड्या आणि पुढं मोकळ्या रानात नेमबाज ओळीनं उभे. कमलाकर गाड्यांच्या आडोशाला थांबले आणि सुनेला शोधू लागले. ती दिसेना. दोन पुरुष होते, एक शाळकरी वाटणारी मुलगी होती आणि टोप्या घातलेल्या दोघी बायका पाठमोऱ्या उभ्या होत्या. त्यातली उंच बाई तर बघत राहावी अशी उभी होती. पाय भक्कम रोवलेले, पाठ ताठ, खांदे मागं खेचलेले, मान लांब आणि सैल. कमलाकरांच्या सवयीच्या नजरेनं तिचं माप घेऊनही टाकलं. हिला आपला दस्ता चालणार नाही, त्यांच्या मनात आलं, हिला चांगला लांब लागेल आणि वरची कडही बरीच उंच.

“पुल!” तबकडी सोडायची खूण म्हणून ती बाई ओरडली.

आवाज असा खणखणीत होता की कमलाकर दचकले. तबकडी उडाली, बार झाला, तबकडी तशीच पलीकडे गेली. बाईनं बंदूक खाली घेतली आणि गालाला हात लावला. तेव्हा त्यांना दस्ता दिसला. कोरा, अजून पॉलिश न चढलेला, खालच्या टोकाला उगाच गोल केलेला.

कमलाकर नकळत आडोशातून पुढं आले. लग्न होऊन ती घरात आली त्याला किती वर्षं झाली आणि या बाईला आपण आज पहिल्यांदा बघतोय, असं त्यांना वाटलं. घरी तिचा आवाज स्वयंपाकघरातून हॉलपर्यंत जेमतेम पोचायचा.

मग तिनं मागं वळून पाहिलं आणि तिला ते दिसले. बंदूक उघडून, रिकामी करून, कट्ट्यावर ठेवून ती त्यांच्याकडे निघाली. वाटेत तिनं टोपी काढली. चार पावलं आल्यावर मान खाली गेली. आणखी थोडं पुढं येईतो खांदे आत आले, पाठीला पोक आलं, आणि समोर येऊन थांबली तेव्हा ती त्यांच्या ओळखीची, बेताच्या उंचीची सून झालेली होती.

“तुम्ही कशाला एवढ्या उन्हात आलात मामंजी?” तिनं हळू विचारलं.

कमलाकरांनी खिशातली टेप चाचपली. त्यांनी तिला परत जागेवर जायला सांगितलं, म्हणाले, मी आहे असं समजूच नकोस. ती गेली, पण आता ते आहेत हे तिला ठाऊक होतं. नेम धरताना तिची पाठ वाकलेली राहिली आणि “पुल” तर शेजारच्यालाही ऐकू गेलं नसेल.

प्रभुलिंग सर हसत जवळ आले.

“तुमी आलाव म्हणून गडबडली बगा. एरवी लई ताठ उभारती की. आमच्यात कुणीच न्हाय तसं उभारत.”

कमलाकरांनी खिशातून टेप काढून त्यांच्या हातात दिली. माप तुम्ही घ्या, मी दिसणार नाही असा उभा राहतो, तिला सांगा सासरे घरी गेले, असं त्यांनी सांगितलं. प्रभुलिंग सरांना यातलं काय कळलं कोण जाणे, पण ते मान हलवून गेले. कमलाकर पत्र्याच्या खोलीमागं जाऊन भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. सगळी हयात मापं घेतलेला माणूस आता लपून मापं ऐकत होता. थोड्या वेळानं पलीकडून “पुल” आलं, मघासारखं खणखणीत, आणि मग सर एकेक आकडा मोठ्यानं सांगू लागले. पहिला आकडा ऐकून कमलाकरांना वाटलं, यांना टेप धरता येत नाही. पण सरांनी खात्रीला टेप पुन्हा लावली. पुन्हा तोच आला. गालाच्या कडेचं मापही तसंच, त्यांच्या मापाहून कितीतरी वर.

ती शाळकरी मुलगी पाणी प्यायला खोलीकडे आली होती. तिनं त्यांना विचारलं, दस्ता तुम्हीच करताय का काका, मग खालचं टोक थोडं बाहेरच्या अंगाला वळवा, आम्ही छाती पुढं काढून उभ्या राहतो ना, ते टोक छातीत घुसतं. तिनं हे इतक्या सरळ सांगितलं की कमलाकरांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. पण खालून म्हणजे कुठं, ते मात्र त्यांना लख्ख कळलं.

उरलेल्या ठोकळ्यातून त्यांनी नवा दस्ता काढला. लांबी वाढवली, कड उंच ठेवली, खालचं टोक बाहेर वळवलं. हात झपाझप चालत होते, पण मन कुठंतरी अडकून बसलं होतं. आपण तिला कधी मान खाली घाल म्हणालो नव्हतो. गोदावरीही म्हणाली नव्हती. कुणीच काही म्हणालं नव्हतं, मग हे आलं कुठून, ते त्यांना काही केल्या सापडेना. चाचणीच्या आदल्या संध्याकाळी इंद्रायणीनं तो दस्ता हॉलमध्ये पाइपाला जोडून खांद्याला लावला, काढला, पुन्हा लावला. दस्ता लांब होत होता, गाल कडेवर नीट टेकत नव्हता.

“मामंजी,” ती चाचरत म्हणाली, “हा बसत नाही.”

घरात आल्यापासून त्यांची एखादी गोष्ट बसत नाही, असं ती पहिल्यांदाच म्हणाली होती. कमलाकरांना त्याचं बरं वाटलं की वाईट, तेही ठरवता येईना.

“इथं नाही बसणार,” ते म्हणाले. “तिथं बसेल.”

ती गोंधळून बघत राहिली. तिला सगळं सांगावं असं त्यांच्या अगदी ओठांवर आलं. पण कसं सांगणार? तू माझ्यासमोर वाकतेस, असं सासऱ्यानं म्हणायचा अवकाश, पोर शरमेनं आणखी वाकली असती. तिनं विचारलं, उद्या तुम्ही याल ना? त्यांची फार इच्छा होती. गेला आठवडाभर त्यांना डोळ्यांपुढं तेच दिसत होतं. ते म्हणाले, मला उद्या काम आहे, तू अनीशला घेऊन जा. तिचा चेहरा उतरला. दस्ता बसत नाही म्हटल्याचा राग आला, असंच तिला वाटलं असणार. ते त्यांनी वाटू दिलं.

रविवारी कमलाकरांना काहीच काम नव्हतं. त्यांनी एक चांगलं स्टूल उलटं केलं, त्याचे घट्ट पाय पुन्हा घट्ट केले आणि फोनकडे बघत बसले. दुपारी फोन वाजला. अनीश एका दमात बोलत होता. संघात नाव लागलं. सर म्हणाले, असा दिवस हिचा कधी गेला नाही. गालावर डाग नाही, काही नाही. मग त्यानं फोन तिच्याकडे दिला आणि मागच्या गोंगाटातून तो खणखणीत आवाज आला, “मामंजी, बसला!” कमलाकरांचे डोळे भरून आले. त्यांनी बरं बरं म्हणून फोन ठेवला.

गोदावरी वाटीत साखर घेऊन बाहेर आली. तिचा चेहरा फुलला होता. आता समोरच्या बाईंना पेढेच नेऊन देते, म्हणाली आणि साखरेची चिमूट त्यांच्यापुढं धरून उभी राहिली. कमलाकरांनी हात पुढं केला आणि तो तसाच राहिला. ते तिच्याकडं बघत होते. मान थोडी पुढं झुकलेली, दोन्ही खांदे आत, पदराखाली पाठ वाकलेली. वय झालं, असं ते इतके दिवस समजत आले होते.

“काय झालं?” गोदावरीनं विचारलं. “घ्या की.”

“तू जरा सरळ उभी राहा बघू,” ते म्हणाले.

गोदावरीनं गोंधळून स्वतःच्या पायांकडं पाहिलं, पदर चापून सारखा केला आणि मग त्यांच्याकडं पाहिलं.

“सरळच उभी आहे की,” ती म्हणाली.